परमिट रूमचा पब करताना: नोंदवही, मार्च ते ऑगस्ट २०२४

आमची परमिट रूम कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत आहे, बाबांनी १९९२ साली काढलेली. खाली बारा टेबलं. माळ्यावर आणखी चार, ‘फॅमिली सेक्शन’ म्हणून केलेली आणि बत्तीस वर्षांत कधी न भरलेली. मार्चमध्ये ठरवलं ते असं: पुण्याच्या आसपास बनणारी क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत थोडी-थोडी बनवलेली) चार नळांवर ठेवायची, चायनीजची भट्टी बंद करायची आणि जवळपास पिकणारं, हंगामाचं, वेळ देऊन शिजवलेलं खाणं द्यायचं. बजेट सहा लाख, मुदत दीड महिना. दोन्ही आकडे चुकले. कुठे चुकले ते दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल, म्हणून जशीच्या तशी वही उतरवतोय.

४ मार्च, सोमवार

गेल्या नोव्हेंबरात परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, तेव्हापासून गल्ला खाली आलाय. वाइन शॉपमधून बाटली घेऊन घरी बसणं लोकांना परवडतं. मग आपल्याकडे यावं कशाला? घरी मिळत नाही ते मिळालं तरच. पुण्यात क्राफ्ट बिअर काही नवी नाही, डूलाली या ब्रुअरीने २००९ लाच सुरू केली. पण ती प्यायला आमच्या भागातल्या माणसाला गाव ओलांडून जावं लागतं आणि परतीच्या रिक्षाचं भाडं वेगळं.

स्वतः बिअर बनवायचा विचार दोन दिवस केला. जागा, पाणी, लायसन, टाक्या हे सगळं बघून सोडून दिला. एफएल-३ (परमिट रूमचं लायसन) आहेच, त्यावर मायक्रोब्रुअरीकडून, म्हणजे छोट्या ब्रुअरीकडून, केग (बिअरची पिंपं) घ्यायचे आणि विकायचे.

बाबांच्या अटी दोनच. क्वार्टर बंद करायची नाही. खारे शेंगदाणे फुकटच राहतील.

१९ मार्च

चार नळांचा टॉवर आणि केगचा फ्रिज, दोन्ही बंद पडलेल्या एका हॉटेलातून जुने घेतले, १,२४,००० रुपयांत. रेग्युलेटर, पाइप, क्लॅम्प मिळून २१,०००. केगच्या तोंडावर बसतो तो कपलर मी हौसेने एकाच जातीचे चार घेतले, २६,००० रुपयांना. पहिला केग आला आणि कपलर बसेना. दोन ब्रुअरींकडून माल घेतोय, दोघांच्या केगचे व्हॉल्व्ह वेगळे. दुकानदाराने दोन बदलून दिले, त्यातही ३,००० कापले. केग कुणाकडून येणार हे ठरल्याशिवाय कपलरला हात लावू नका.

२७ मार्च ते ७ एप्रिल: फेस

बारा दिवसांची एकच नोंद करतोय, कारण बारा दिवस एकच काम केलं.

पहिला केग २० लिटरचा, ५,४०० रुपयांचा. ३३० मिलीचे ग्लास हिशेबाने साठ निघायला हवेत. विकले गेले एकतीस. बाकीची बिअर फेस होऊन बादलीत गेली. अण्णा (आमचे सर्वांत जुने वेटर) म्हणाले, “दादा, हे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ झालंय.”

पहिला उपाय मी केला तो साफ उलटा. फेस म्हणजे गॅस जास्त, असं समजून दाब १२ पीएसआयवरून ६ वर आणला. दोन तास बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाइपमध्येच बुडबुडे दिसायला लागले, फेस दुप्पट, आणि केगच्या तळाची बिअर सपक. दाब कमी केला की बिअरमध्ये विरघळलेला गॅस पाइपातच बाहेर पडायला लागतो.

मग कळलं की चूक एक नव्हती, तीन होत्या आणि एकमेकींच्या मागे लपलेल्या होत्या.

एक. फ्रिजचा काटा ३ अंश दाखवत होता, ती फ्रिजमधल्या हवेची गोष्ट. टेम्पोतून चार वाजता उतरवलेला केग आम्ही सातला जोडला होता. ग्लासातल्या बिअरमध्ये थर्मामीटर बुडवला तर ९ अंश. वीस लिटर थंड व्हायला अख्खा दिवस लागतो. आता केग आला की त्यावर खडूने तारीख आणि वेळ लिहितो, चोवीस तास झाल्याशिवाय जोडत नाही.

दोन. हे केल्यावर पाठोपाठ भरलेले ग्लास चांगले यायला लागले, पण दहा मिनिटं खंड पडला की पुढचा ग्लास पुन्हा निम्मा फेस. म्हणजे टॉवर तापतोय. काउंटरच्या वरचा भाग फ्रिजच्या बाहेर, आणि बाहेर एप्रिलचं पुणं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा फ्रिजमध्ये बसवला, त्याला लवचीक पाइप जोडून थंड हवा टॉवरच्या पोटात सोडली. खर्च ९४० रुपये. सगळ्या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची गोष्ट हीच.

तीन. जुन्या मालकाने बिअरचा पाइप कापून जेमतेम सव्वा मीटर ठेवला होता. बिअर जोरात येऊन ग्लासावर आपटायची. त्याच जाडीचा २.१ मीटर पाइप वेटोळं करून बसवला आणि धार नरम झाली. दाबाचा तक्ता समुद्रसपाटीचा असतो, पुणं ५६० मीटरवर आहे, म्हणून साधारण एक पीएसआय वाढवून घ्यायचा, हे ब्रुअरीतल्या एका पोराने फोनवर सांगितलं. १३ वर ठेवलाय.

७ तारखेच्या केगमधून चोपन्न ग्लास निघाले. तरी काही ग्लासांत फेस दोन मिनिटांत विरायचा. ते नळाचं दुखणं नव्हतंच. ग्लास आणि मासे तळलेल्या ताटल्या एकाच मोरीत, एकाच घासणीने धुतल्या जात होत्या. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवून बघा. जिथे तेलकटपणा आहे तिथे मीठ चिकटत नाही. आमच्या बारापैकी नऊ ग्लास नापास. ग्लासांसाठी वेगळी मोरी, वेगळा ब्रश, आणि फडक्याने पुसणं बंद. उपडे ठेवून वाळवायचे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

नव्या मेन्यूचा पहिला दिवस. बिअर उत्तम. किचन झोपलं.

मेन्यूत चौदा पदार्थ होते. सुकं मटण, काळ्या वाटाण्याची उसळ, वालाचं बिरडं, भरली वांगी, थालीपीठ, गरम भाकऱ्या. चायनीजच्या भट्टीवर चिली चिकन सहा मिनिटांत निघायचं, आचाऱ्याचा हात त्याच चालीचा. भाकरी थापणाऱ्या मावशी एका तव्यावर तासाला वीस-बावीस भाकऱ्या करतात, त्यापेक्षा जास्त त्यांना जमत नाहीत. रात्री नऊला पन्नास माणसं बसलेली, प्रत्येकाला दोन भाकऱ्या. हिशेब मला सकाळीच करता आला असता.

सहा नंबरचं टेबल पंचेचाळीस मिनिटांनी उठून गेलं. वीस वर्षांपासून येणारे एक काका शांतपणे म्हणाले, “मसाला पापड आण रे, तोवर जगेन.” मसाला पापड मी मेन्यूतून काढला होता.

स्लो फूडची चळवळ इटलीत, १९८६ साली रोममध्ये मॅकडोनाल्डच्या विरोधातून उभी राहिली आणि तिचं चिन्ह गोगलगाय आहे, हे मी मागे कौतुकाने सांगितलं होतं. रात्री गल्ला मोजताना अण्णा म्हणाले, “चिन्ह बरोबर आहे, दादा. आज आपलं किचन तसंच चाललं होतं.”

बाबा वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, “गोगलगाय आणि पोटात पाय. तुमच्या गायीला पायच नाहीत.”

रात्रभर ते डोक्यात राहिलं. उशीर लागणारच आहे. पण तो गिऱ्हाईक बसायच्या आधी लागला पाहिजे, बसल्यावर नाही.

२४ एप्रिल

चौदाचे आठ पदार्थ केले. छापलेलं मेन्यूकार्ड (४,८०० रुपये) रद्दीत, त्या जागी फळा. फळ्यावर खडूने लिहायचं, संपलं की पुसायचं.

आता काम सकाळी दहाला सुरू होतं. मटण दुपारी मंद आचेवर अडीच-तीन तास. मग पसरट ट्रेमध्ये काढून लवकर गार करायचं, लहान वाटण्या करून फ्रिजमध्ये. रात्री ऑर्डर आली की हवी तेवढीच वाटणी एकदा परतायची. पहिल्या आठवड्यात अख्खं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं होतं. मध्यरात्रीपर्यंत मधोमध कोमट, सकाळी आंबूस वास. साडेचार किलो मटण फेकलं. वाल भिजवणं, मोड आणणं, सोलणं याला दोन दिवस लागतात, म्हणून बिरडं फक्त बुधवारी आणि शनिवारी.

गरम भाकरी जेवणाबरोबरच, दोन तव्यांवर, साडेदहापर्यंत. पण बिअरबरोबर टेबलावर पाच मिनिटांत काय ठेवायचं हा प्रश्न उरलाच होता. उत्तर मावशींनी दिलं. त्या मूळच्या सोलापूरच्या. म्हणाल्या, “कडक भाकरी ठेवा की.” ज्वारीची, पातळ थापून, भाजून, पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवलेली. पंधरा दिवस टिकते. तिच्यावर शेंगाची चटणी, थोडं तेल, बाजूला दही आणि कांदा. सोलापूरहून बचत गटाकडून शंभर मागवल्या, १२ रुपयाला एक. शनिवारच्या एका रात्रीत संपल्या.

गव्हाच्या बिअरला लवंग-केळ्याचा मंद वास असतो. तिच्याबरोबर कडक भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवून खाऊन बघा. मी काउंटरमागे उभ्यानेच अर्धी भाकरी संपवली. मसाला पापडही परत आणला, नाचणीच्या पापडावर. काका खूश.

३ मे

दोन अपघात, एकाच आठवड्यात.

बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा भरलेला सिलिंडर रात्रीत रिकामा. रेग्युलेटरच्या जोडावरचा वॉशर पातळ झाला होता. साबणाचं पाणी लावल्यावर लगेच बुडबुडे आले. किंमत दहा रुपये, न तपासल्याची किंमत एक सिलिंडर आणि शुक्रवारची रात्र. कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साचला तर जिवावर बेततो, म्हणून सिलिंडर आता मागच्या उघड्या बोळात, साखळीने बांधून. भरून आणताना खाण्याच्या दर्जाचाच मागायचा. वेल्डिंगवाल्याकडे स्वस्त मिळतो, घेऊ नका.

दुसरा अपघात माझ्या हुशारीचा. बिअर बनवून उरलेला जवाचा चोथा ब्रुअरीतून गोठ्यांना जातो. म्हटलं, थालीपिठात घालू, काहीच वाया नको. वीस किलो ओला चोथा झाकणाच्या क्रेटमध्ये आणला आणि ‘उद्या बघू’ म्हणून ठेवला. मे महिना. सकाळी झाकण उघडलं तर शेजारच्या किराणावाल्याने विचारलं, ड्रेनेज फुटलं का? सगळा गेला.

दुसऱ्या खेपेला पाच किलोच आणला, दोन तासांत गच्चीवर पातळ पसरला, दोन दिवस कडक वाळवून दळला. तरी थालीपीठ तव्यावर तुटायला लागलं. जवातला स्टार्च बिअरमध्ये गेलेला असतो, मागे राहतात फोलपटं आणि प्रथिनं. धरून ठेवायला काहीच नाही. चाळून, भाजणीत आठाला एक या प्रमाणात, गहू थोडा वाढवून जमलं. चव खमंग, जराशी बिस्किटासारखी. आठवड्यातून एकदाच करतो. दरवेळी गच्ची अडवलेली आईला चालत नाही.

११ ते १३ मे

लोकसभेच्या मतदानामुळे ४८ तास ड्राय. तारीख महिनाभर आधी माहीत होती, तरी मी गुरुवारी स्टाउटचे दोन केग उतरवून घेतले. काळी, जड बिअर, मे महिन्यात, आणि पुढे कोरडे दिवस! केगमधली बिअर पाश्चराइज केलेली नसते. जोडल्यावर आम्ही तीन आठवड्यांच्या आत संपवतो. दुसरा केग महिनाअखेर अर्धा ओतून दिला. २,७०० रुपये. स्टाउट आता दिवाळीनंतर.

मोकळ्या दोन दिवसांत लाइन धुतल्या. कॉस्टिकचं पाणी पंधरा मिनिटं फिरवायचं, मग साधं पाणी, पीएच पट्टीचा रंग नळाच्या पाण्यासारखा येईपर्यंत. हातमोजे आणि चष्मा घालून. दर पंधरा दिवसांनी हे करायचंच, नाहीतर बिअरला आधी लोण्याचा आणि मग व्हिनेगरचा वास येतो.

२३ मे

कल्याणीनगरच्या १९ तारखेच्या पोर्श अपघातानंतर (गाडी चालवणारा अल्पवयीन मुलगा आधी पबमध्ये बसला होता) शहरभर पब आणि बारच्या तपासण्या सुरू आहेत. आमच्याकडेही येऊन गेले. कागद ठीक होते, अडकलो ते घटीच्या हिशेबात. बाटली मोजता येते, फेस कसा मोजणार? आता प्रत्येक केगमागे नासलेली बिअर मापाने मोजून रोजच्या रोज लिहितो. बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५ हे वय दारावरच तपासतो. कॉलेजची पोरं आधी तोंड वाकडं करायची, हल्ली स्वतःच आधार काढून दाखवतात.

६ जून

१ जूनपासून समुद्रातली मासेमारी दोन महिने बंद. मेन्यूत ‘ताजा बांगडा’ लिहून ठेवला होता. बर्फातला मिळतो, पण मग फळ्यावर ‘ताजा’ कुठल्या तोंडाने लिहायचं? पहाटे भिगवणच्या बाजारात गेलो. उजनीच्या पाण्याची मरळ, चिलापी, वांब. पुण्यापासून शंभर किलोमीटरवर एवढा मासा असताना आपण मुंबईकडे तोंड करून बसतो. मरळ रवा लावून तळली तर काटे कमी, मांस घट्ट. चिलापीला मातकट वास येतो, म्हणून हळद, मीठ आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवतो. पेट्रोल धरून किलोमागे खर्च बांगड्यापेक्षा थोडा जास्तच पडतो, हे खरं.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी नाही, पण वीज सकाळी सहाला गेली ती दुपारी चारला आली. फ्रिज उघडायचा नाही, एवढं एकच पाळलं. चारला केगमधली बिअर ६ अंशांवर होती, म्हणजे वाचली. दोन पोरं कामावर पोहोचलीच नाहीत. माळ्यावरच्या चार टेबलांवर अडकलेली शेजारची मंडळी बसवली, आईने पिठलं टाकलं. फॅमिली सेक्शन पहिल्यांदा भरला.

पावसाचा एक धडा आधीच मिळाला होता: कडक भाकरी जुलैत चामड्यासारखी होते. स्टीलच्या डब्यात ठेवून, देताना तव्यावर अर्धा मिनिट शेकायची.

४ ऑगस्ट, गटारी

उद्यापासून श्रावण आणि त्यात रविवार. परीक्षाच होती. दुपारी चारपर्यंत चाळीस वाटण्या मटण, दीडशे कडक भाकऱ्या, चारही नळांवर भरलेले केग आणि चार मागे थंड तयार. खाली, वर आणि दारात मिळून नव्वद माणसं. पहिली प्लेट टेबलावर जायला सरासरी सात मिनिटं, अण्णांनी घड्याळ लावून मोजलं. सव्वादहाला मटण संपलं. एक साहेब चिडले. अण्णांनी फळा पुसला आणि त्यांना बिरडं नेऊन दिलं. शनिवारचं होतं, मुरलेलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागवलं.

३१ ऑगस्ट

एकूण खर्च ७,८५,००० रुपये. त्यातले जवळपास ७०,००० निव्वळ माझ्या चुकांचे: फेस, कपलर, मेन्यूकार्ड, मटण, स्टाउट. दीड महिन्याच्या कामाला सहा महिने लागले. श्रावणात चौदा केग गेले, जुलैत एकोणीस गेले होते. केगमागे पंचावन्न ग्लास, २६० रुपयाला एक. निम्म्या टेबलांवर अजून क्वार्टरच असते आणि तीच लोकं आता शेंगाच्या चटणीसाठी कडक भाकरी मागवतात. आयपीए ही कडवट बिअर मात्र चालत नाही. काकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “कारलं आहे का यात?”

खारे शेंगदाणे फुकटच आहेत. फक्त महिन्याला चार किलो कमी लागतायत. बाबांनी हे वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय आणि मला अजून त्यांनी काही सांगितलेलं नाही.

तीन नंबरचा नळ कालपासून पुन्हा ठिबकतोय. वॉशर मागवलाय.